किलिमांजारोची वाट : चढाईआधीचे सहा महिने

स्वाहिली भाषेत दुकानाला ‘दुका’ म्हणतात, हिशेबाला ‘हेसाबू’ आणि विम्याला ‘बिमा’. अरबी, फारसी आणि हिंदुस्थानी बोलींतले हे शब्द शतकानुशतके चाललेल्या सागरी व्यापाराबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरले आणि तेथेच रुजले. त्यांच्याच सोबतीने आणखी एक शब्द तेथे पोहोचला : ‘बराफू’, म्हणजे बर्फ. टांझानियातील किलिमांजारो पर्वताच्या शिखराखालचा एक महत्त्वाचा तळ याच नावाने ओळखला जातो. सुमारे ४,६७० मीटर उंचीवरच्या उघड्या खडकाळ धारेवर तंबूंची ही वस्ती वसते. मध्यरात्रीच्या सुमारास येथून दिव्यांची रांग वर सरकू लागते. त्या रांगेत गिर्यारोहणाचे शिक्षण घेतलेले थोडे आणि साधे पदयात्री अधिक असतात. वर्षभर दुकानाच्या गादीवर किंवा कार्यालयाच्या खुर्चीवर बसणारी माणसे त्यांत पुष्कळ असतात.

किलिमांजारोची उंची ५,८९५ मीटर. आफ्रिका खंडातील हे सर्वोच्च शिखर विषुववृत्तापासून दक्षिणेस जेमतेम तीन अंशांवर उभे आहे. पायथ्याशी केळी आणि कॉफीचे मळे, त्यावर दाट पर्जन्यवन, पुढे झुडपांचा माळ, मग दगडधोंड्यांचे वाळवंट आणि माथ्यावर हिमनद्या, असे पाच ऋतुलोक आठवड्याभराच्या चालीत ओलांडावे लागतात. रूढ मार्गांवर दोर, कुऱ्हाड वा कडे चढण्याचे कौशल्य सहसा लागत नाही. म्हणूनच हा पर्वत सोपा असल्याचा समज पसरला आहे. हा समज काही वेळा महागात पडतो, क्वचित प्राणांवरही बेततो. वाट चालण्याजोगी असली, तरी त्या वाटेवरची हवा विरळ आहे. आणि विरळ हवेची तयारी घरून निघण्यापूर्वीच्या निर्णयांत दडलेली असते.

दोनदा परतलेला पहिला यात्री

या शिखरावर पोहोचल्याची पहिली नोंद ६ ऑक्टोबर १८८९ ची आहे. जर्मन भूगोलज्ञ हान्स मेयर आणि ऑस्ट्रियन गिर्यारोहक लुडविग पुर्टशेलर यांनी त्या दिवशी माथा गाठला. मेयर यांचा तो तिसरा प्रयत्न होता. १८८७ साली बर्फाच्या भिंतीपुढे साधने अपुरी पडली आणि ते मागे फिरले. १८८८ साली किनारपट्टीवर उसळलेल्या उठावात ते बंदी झाले आणि खंडणी देऊन सुटले. तिसऱ्या खेपेस त्यांनी बर्फावर चालण्यात निष्णात असा सोबती घेतलाच, शिवाय वाटेवर टप्प्याटप्प्याने तळ उभारले आणि खालून वरपर्यंत अन्नधान्य पोहोचत राहील अशी माणसांची साखळी लावली. एकदा वर जाऊन अपयश आले, तर पुन्हा अगदी पायथ्याशी उतरावे लागू नये, हा त्यामागचा विचार होता. पुरवठ्याची ही दूरदृष्टी व्यापारी घराला सहज उमगावी अशीच आहे.

पायांची तयारी

आपल्याकडील कुटुंबांना पर्वत अगदीच परका नाही. सम्मेद शिखरजीची वंदना करणारे यात्रेकरू पहाटेपूर्वीच्या अंधारात निघतात. नऊ किलोमीटरचा चढ, नऊ किलोमीटरची टोंकांची परिक्रमा आणि नऊ किलोमीटरचा उतार, असे सत्तावीस किलोमीटर ते एका दमात चालतात. शत्रुंजय, गिरनार आणि मांगीतुंगी येथील पायऱ्या घरातल्या आजीबाईंनीही चढलेल्या असतात. दीर्घ चाल, अंधारातली सुरुवात आणि संथ लय या तिन्ही गोष्टी किलिमांजारोवर जशाच्या तशा उपयोगी पडतात.

तयारीस किमान चार महिने, आणि बैठ्या व्यवसायातील व्यक्तीस सहा महिने द्यावेत. पहिले पाऊल वैद्यकीय तपासणीचे. रक्तदाब, रक्तशर्करा, हिमोग्लोबिन आणि हृदयाची तपासणी करून घ्यावी. वयाची चाळिशी ओलांडलेल्यांनी श्रमचाचणीविषयी डॉक्टरांशी बोलावे. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस पाऊण ते एक तास झपझप चालणे आणि दोन दिवस जिन्यांची चढउतार असा क्रम ठेवावा. सुट्टीच्या दिवशी पाठीवर सहा ते आठ किलोंची पिशवी घेऊन पाच-सहा तासांची डोंगरवाट चालावी. पुणेकरांना आतकरवाडीहून सिंहगड आहे, नाशिककरांना १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई आहे. शेवटच्या दोन महिन्यांत सलग दोन-तीन दिवस चालण्याचा सराव करावा. थकलेल्या पायांनी दुसऱ्या सकाळी पुन्हा उठून चालू लागणे, हीच त्या आठवड्याची खरी परीक्षा असते.

उताराचा सराव बहुतेक जण विसरतात. शिखराच्या दिवशी बराफूहून सव्वाबाराशे मीटर चढायचे असते. त्याच दिवशी माथ्यावरून सुमारे ३,१०० मीटर उंचीवरील म्वेका तळापर्यंत, म्हणजे जवळजवळ २,८०० मीटर, उतरायचेही असते. गुडघे दुखावतात ते येथे. मांडीच्या स्नायूंची ताकद आणि हातांतील दोन काठ्या यांनी हा भार पुष्कळ हलका होतो.

एवढे करूनही एक मर्यादा राहते. सह्याद्रीत पाय तयार होतात, दम वाढतो. रक्ताला मात्र विरळ हवेची ओळख होत नाही. पारसनाथचा डोंगर सुमारे १,३६५ मीटर उंच आहे. किलिमांजारोचा माथा त्याच्या चौपटीहून अधिक उंच आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही तितकाच घटतो.

विकत घेण्याजोगा दिवस

विरळ हवेशी जुळवून घेण्याची शक्ती शरीरात उपजत असते. त्यासाठी त्याला वेळ मात्र लागतो. प्रथम श्वास जलद होतो. मग काही दिवसांत मूत्रपिंडे रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल नव्याने बसवतात. तांबड्या पेशी वाढण्यास तर आठवडे लागतात. या क्रमाला घाई चालत नाही. उत्तम प्रकृतीचा, वेगाने चालणारा तरुण येथे आजारी पडतो आणि रमतगमत येणारे त्याचे काका माथा गाठतात, असे घडते ते याचमुळे. ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, हे तेथील वाटाड्यांचे दिवसभराचे पालुपद आहे.

पर्वतीय वैद्यकाचा सर्वमान्य दंडक असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस उंची न वाढवता काढावा. या मापाने दोन मार्गांची तुलना करून पाहावी. मारांगू मार्गावर झोपड्यांत निवास आहे आणि पाच दिवसांची सहल स्वस्तात मिळते. पहिली रात्र सुमारे २,७०० मीटरवर, दुसरी ३,७०० वर आणि तिसरी ४,७०० वर. दर दिवशी हजार मीटरची ही उडी दंडकाच्या दुप्पट आहे. याउलट लेमोशो मार्गाची आठ दिवसांची आखणी पाहावी. शिराच्या पठारावर दोन रात्री जातात. मग एका दिवशी सुमारे ४,६३० मीटरवरील लाव्हा टॉवरपर्यंत चढून त्याच दुपारी ३,९५० मीटरच्या आसपास वसलेल्या बरांको तळावर झोपायला उतरतात. दिवसा उंच जावे आणि रात्री खाली झोपावे, हे तत्त्व येथे वाटेतच गुंफलेले आहे. पुढची रात्र करांगा तळावर, जवळपास त्याच उंचीवर जाते. तेथून बराफूची शेवटची उडी याही मार्गावर मोठीच आहे, परंतु तोवर शरीराला पाच-सहा रात्री मिळालेल्या असतात.

उद्यानाचे शुल्क दिवसागणिक आकारले जाते, त्यामुळे दिवस कमी केले की सहल स्वस्त होते. नेमकी येथेच काटकसर करू नये. सहा महिन्यांची तालीम, विमानभाडे आणि दुकानातून काढलेली रजा एवढे भांडवल घातल्यावर दोन दिवसांचे पैसे वाचवणे म्हणजे गोदाम बांधून छपरात कसर करण्यासारखे आहे. या पर्वतावर पैशाने विकत मिळणारी सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे अधिकचा दिवस.

असेटाझोलामाइड हे औषध जुळवून घेण्याच्या प्रक्रियेस मदत करते. पण ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास तसे आधी सांगावे, आणि घेण्याचे ठरल्यास घरी एक-दोन दिवस घेऊन पाहावे. मोशी शहर आणि परिसरात हिवतापाचा धोका असल्याने त्याविषयी आणि लशींविषयीही प्रवासापूर्वी पुरेसे आधी विचारावे. विमा घेताना ६,००० मीटर उंचीपर्यंतची पदयात्रा आणि तेथून रुग्णाला खाली आणण्याचा खर्च त्यात समाविष्ट आहे का, हे लेखी वाचून घ्यावे. साधा प्रवासविमा बहुधा तेवढ्या उंचीपर्यंत जात नाही.

पिसे आणि चामडे यांविना

शिखराच्या रात्री तापमान शून्याखाली दहा ते वीस अंशांपर्यंत उतरू शकते आणि वर वारा असतो. अंगावर थर चढवत जाणे हाच उपाय. त्वचेलगत घाम शोषून बाहेर टाकणारा कृत्रिम धाग्याचा पातळ कपडा घालावा. सुती बनियन येथे वर्ज्य, कारण भिजलेला सुती कपडा अंगातली ऊब हिरावतो. त्यावर लोकरीसारखा ऊबदार थर, मग भरीव जाकीट आणि सर्वांत बाहेर वारा-पाऊस अडवणारा कपडा.

अहिंसेचे भान ठेवणाऱ्या घरात येथे एक प्रश्न उभा राहतो. हलकी आणि अत्यंत ऊबदार जाकिटे व शयनपिशव्या बहुधा बदकांच्या किंवा हंसांच्या पिसांनी भरलेल्या असतात. मजबूत बूट अनेकदा चामड्याचे असतात. दोन्हींस पर्याय आहे. कृत्रिम तंतू भरलेले जाकीट तेवढ्याच उबेसाठी थोडे जड होते आणि अधिक जागा व्यापते, परंतु ओले झाले तरी बरीच ऊब टिकवते. पूर्ण कृत्रिम कापडाचे, जलरोधक, घोट्यापर्यंत उंच बूटही मिळतात. तेथे भाड्याने मिळणाऱ्या सामानात मात्र पिसांच्या वस्तू असण्याची शक्यता गृहीत धरावी. ज्यांना त्या नकोत त्यांनी शयनपिशवी आणि जाकीट येथूनच न्यावे. बूट कोणतेही असोत, ते किमान दोन महिने वापरून पायांच्या सवयीचे करावेत. नवा बूट घालून विमानात बसणाऱ्याच्या टाचेला तिसऱ्या दिवशी फोड येतो.

लहान गोष्टीही महत्त्वाच्या आहेत. डोक्यावरचा दिवा आणि त्याचे जादा सेल आतल्या खिशात ठेवावेत, कारण थंडीत सेल लवकर मान टाकतात. पाण्याची बाटली मोज्यात घालून उलटी ठेवावी. बर्फ वरून धरतो, त्यामुळे तोंडाकडचे पाणी वाहते राहते. नळीने पाणी पिण्याच्या पिशवीवर त्या रात्री विसंबू नये, तिची नळी गोठते. टांझानियात १ जून २०१९ पासून पातळ प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. म्हणून फराळ कापडी पिशव्यांत आणि डब्यांत बांधावा.

ताटात काय आणि केव्हा

पर्वतावर स्वयंपाकी सोबत असतो आणि शाकाहारी जेवण सहज मिळते. मात्र शाकाहार म्हणजे कंदमुळांचा त्याग, हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. रोजच्या सुपात कांदा, गाजर, बटाटा असतात; चहात आले असते; न्याहारीला पावाबरोबर मध येतो. म्हणून आरक्षणाच्या वेळीच काय चालेल आणि काय चालणार नाही, याची यादी लेखी द्यावी आणि पायथ्याशी स्वयंपाक्याशी स्वतः बोलावे. सुदैवाने या पर्वताच्या उतारावर राहणाऱ्या चग्गा लोकांचे मुख्य पीकच केळी आहे. बटाट्याच्या जागी कच्ची केळी वापरण्याची सूचना तेथे कुणालाही नवलाची वाटत नाही. भात, कोबी, मक्याच्या पिठाची ‘उगाली’ आणि स्वाहिलीतही ‘चपाती’ म्हणूनच ओळखली जाणारी चपाती यांवर आठवडा उत्तम निघतो.

बराफूच्या उंचीवर पाणी सुमारे ८५ अंशांवरच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही. मूगडाळीची खिचडी हवी असेल, तर कुकर वर येणार आहे का, हे आधी विचारावे. घरून नेलेले खाकरे, सुकडी, भाजलेले पोहे आणि सुका मेवा वर अमृतासमान वाटतात. विरळ हवेत भूक मरते आणि ओळखीची चवच चार घास पोटात जाऊ देते. दिवसाकाठी तीन ते चार लिटर उकळलेले पाणी घोट-घोट प्यावे.

रात्रिभोजनाच्या त्यागाचा विचार सर्वांत आधी करावा लागतो. विषुववृत्त जवळ असल्याने वर्षभर सूर्योदय आणि सूर्यास्त साधारण सकाळी साडेसहा आणि सायंकाळी साडेसहा या वेळांच्या आसपासच राहतात. सायंकाळचे जेवण साडेपाचला मागितल्यास इतर दिवसांत काहीच अडचण येत नाही. अडचण शिखराच्या रात्रीची आहे. मध्यरात्री निघून सूर्योदयापर्यंत सहा-साडेसहा तास अतिशीत, कोरड्या हवेत चढायचे आणि पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हे शरीराला धोक्याचे ठरू शकते. निर्जलीकरणाची आणि उंचीच्या आजाराची लक्षणे एकमेकांसारखी भासतात आणि निदान कठीण होते. काही आयोजक विनंतीवरून पहाटे उशिरा निघण्याची व्यवस्था करतात. तसे केल्यास चढाईचा बहुतांश भाग उजेडात होतो आणि अन्नपाणी वेळेवर घेता येते. मात्र परतीस उशीर होतो आणि दुपारच्या ढगांशी गाठ पडू शकते. कोणी नियमात तात्पुरती सवलत घेईल, कोणी दिवसाची चढाई निवडेल, कोणी हा पर्वतच नको म्हणेल. निर्णय ज्याचा त्याचा. तो डॉक्टरांशी आणि आपल्या गुरुजनांशी बोलून घरीच घ्यावा. बराफूच्या तंबूत, डोके दुखत असताना, अशा प्रश्नाचा निवाडा होत नाही.

ओझे वाहणारे खांदे

एका यात्रीमागे तीन-चार माणसे वर चढतात. तंबू, शिधा, भांडी आणि यात्रीची मोठी पिशवी भारवाहकांच्या डोक्यावर असते. ओझ्याची कमाल मर्यादा २० किलो आहे आणि प्रवेशद्वारापाशी वजनकाटा असतो. तरीही फार स्वस्त सहलीचा खरा भार कुठे पडतो, हे समजण्यासाठी अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. मजुरी कमी दिली जाते, जेवण एक वेळचे होते, थंडीचे कपडे अपुरे राहतात. किलिमांजारोवरील भारवाहकांच्या हितासाठी काम करणारी किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था त्यांना योग्य वागणूक देणाऱ्या कंपन्यांची नावे प्रसिद्ध करते. आयोजक निवडताना ती यादी पाहावी, मजुरी किती आणि कधी दिली जाते हे निःसंकोच विचारावे आणि शेवटच्या दिवशीच्या बक्षिसाची रक्कम खर्चाच्या अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी मांडावी.

परत फिरण्याचा ठराव

डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणे ही उंचीच्या सौम्य आजाराची लक्षणे. ती असताना वर चढू नये, त्याच उंचीवर थांबावे. ती वाढत गेली तर खाली उतरावे. विश्रांती घेतानाही धाप लागणे किंवा खोकल्यातून फेस येणे हे फुप्फुसांत पाणी साचल्याचे, आणि सरळ रेषेत टाचेला बोट लावून चालता न येणे किंवा बोलण्यात विसंगती येणे हे मेंदूला सूज आल्याचे चिन्ह असू शकते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता तत्काळ उतरणे हाच उपचार. एक हजार मीटर खाली आलेला माणूस पुष्कळदा काही तासांतच सावरतो.

हे नियम सर्वांना पाठ असतात. प्रत्यक्ष त्या रात्री ते पाळणे अवघड जाते. शिखर दोन तासांवर आलेले असते, लाखो रुपये खर्चलेले असतात, गावी निरोपसमारंभ झालेला असतो आणि विरळ हवेने विचारशक्ती मंदावलेली असते. व्यापारात बुडीत खात्यामागे आणखी रक्कम घालू नये, हे ज्याला पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे, त्यालाही तेथे तो धडा आठवत नाही. म्हणून परतीचा ठराव घरीच, कुटुंबासमक्ष करावा. कोणत्या लक्षणावर थांबायचे, कोणत्या वेळेनंतर वर जायचे नाही आणि वाटाड्याने फिरण्यास सांगितल्यास हुज्जत घालायची नाही, एवढ्या तीन ओळी कागदावर लिहून सोबत्याच्या हाती द्याव्यात. पती-पत्नी किंवा पिता-पुत्र एकत्र जात असतील, तर एकाला उतरावे लागल्यास दुसऱ्याने काय करायचे, हेही आधी ठरवावे. उद्यानात परवानाधारक वाटाड्याविना चढता येत नाही. त्याने शेकडो चेहरे त्या उजेडात पाहिलेले असतात, त्याचा शब्द अखेरचा मानावा.

ज्वालामुखीच्या कडेवरील स्टेला पॉइंटपर्यंत, म्हणजे सुमारे ५,७५६ मीटरपर्यंत पोहोचून मागे वळणाऱ्यांनाही उद्यानाकडून प्रमाणपत्र मिळते. ज्वालामुखीच्या कडेपर्यंत न पोहोचताच फिरणाऱ्यांना मिळत नाही. हान्स मेयर १८८७ साली रिकाम्या हातीच परतले होते.

तेथून उहुरू शिखराची वाट हिमनद्यांच्या काठाने जाते. १९१२ साली या पर्वतावर जितके बर्फ होते, त्यातील सुमारे ८५ टक्के २००७ पर्यंत नाहीसे झाले, असे शास्त्रज्ञांच्या मोजणीतून दिसून आले आहे. आज तेथे उभ्या असलेल्या निळसर भिंती त्याचे अवशेष आहेत आणि त्याही दरवर्षी आक्रसत आहेत.

पर्वतावर प्रत्येक तळाशी एक नोंदवही असते. नाव, वय, देश आणि व्यवसाय असे तिचे रकाने आहेत. शिखर गाठलेला आणि न गाठलेला असे दोन्ही यात्री उतरताना म्वेका द्वारापाशी शेवटची सही करतात. धुळीने माखलेल्या बोटांनी ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘व्यापार’ असे लिहून सुखरूप घरी फोन लावणारा प्रत्येक जण आपली सहा महिन्यांची तयारी पूर्ण करून आलेला असतो.